पथ्य पाळू, सोवळं नाही



आपल्या चळवळीत पोटाबद्दल पुष्कळ बोललं जातं. भुकेवर बोलतो, रेशनवर बोलतो, आम्ही काय खावं हे ठरवणारे तुम्ही कोण, असं ठणकावून विचारतो. पण पोटातलं आतडं आजारी पडलं की आपण गप्प होतो. जुलाब, शौचावाटे रक्त, दिवसातून दहा-दहा वेळा संडासला जावं लागणं, हे शब्द सभेत सोडाच, घरातही हळू आवाजात बोलले जातात. या गप्प बसण्याची किंमत मोठी आहे. माणूस वर्षानुवर्षं "ॲसिडिटी आहे" म्हणत राहतो आणि मोठ्या दवाखान्यात पोहोचतो तेव्हा आतड्याचा तुकडा कापून काढण्याशिवाय मार्ग उरलेला नसतो.

या लेखात आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. दोघंही मराठवाड्यातले, दोघंही चळवळीतले. क्रोन्स नावाचा आजार आमच्यापैकी बायकोला आहे. सोयीसाठी इथे "ती" असं लिहिलंय, पण लिहिताना ती शेजारीच बसली आहे आणि अधूनमधून शब्द बदलायला लावते आहे. तिच्या आतड्याच्या शस्त्रक्रियेला चार वर्षं झाली. या चार वर्षांत आम्हाला औषधांपेक्षा सल्लेच जास्त मिळाले. ते ऐकून ऐकून एक गोष्ट आमच्या लक्षात आली. आपल्याकडे पथ्य आणि सोवळं यांची सरमिसळ झालेली आहे आणि ती वेगळी केल्याशिवाय आजारी माणसाला धड जेवता येत नाही. आजच्या लेखाचा मुद्दा हाच.

आजार काय आहे?

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या तीन डॉक्टरांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला होणाऱ्या एका आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातल्या पहिल्याचं नाव आजाराला चिकटलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. तिथे सूज येते, जखमा होतात, आणि त्या भरता भरता आतडं आतून आकसत जातं. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही हा आजार होऊ शकतो, पण बहुतेकदा तो लहान आतड्याच्या शेवटाला गाठतो. त्याचं एकच एक कारण नाही. जनुकं, आतड्यातले जिवाणू, राहणीमान आणि प्रतिकारशक्ती यांचा तो गुंता आहे. आजार संसर्गजन्य नाही. त्यामुळे रुग्णाचं ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही. ताट-वाटी वेगळी ठेवण्याचा अर्थ काय असतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दिसायला जवळजवळ सारखे असतात. तीच पोटदुखी, तोच ताप, तसंच वजन उतरणं, आणि दुर्बिणीतून दिसणाऱ्या जखमाही बऱ्याचदा सारख्या. म्हणून अनेकांना आधी टीबीची औषधं देऊन फरक पडतो का ते पाहिलं जातं. तिलाही दिली. यात डॉक्टरांचा दोष काढण्यासारखं काही नाही, कारण टीबी असताना प्रतिकारशक्ती दाबणारी क्रोन्सची औषधं दिली तर टीबी उसळतो. मात्र औषधं सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत फरक आहे की नाही, हे पुन्हा तपासून घ्यायला हवं. आपल्या वस्त्यांत टीबी नवा नाही, त्यामुळे "टीबीच असणार" असं धरून चालणं सोपं जातं. औषध घेऊनही पोट दुखतच असेल तर तोच कोर्स पुढे रेटू नका, पोटविकाराच्या तज्ज्ञाला दाखवा.

तिचं निदान व्हायला दोन वर्षं गेली. तोवर आतडं इतकं आकसलं होतं की जेवल्यावर तासाभरात कळा सुरू व्हायच्या, पोट टणक फुगायचं आणि उलटी झाल्यावरच थोडं बरं वाटायचं. वजन ३८ किलोवर आलं. शेवटी सुमारे ३० सेंटिमीटर लहान आतडं आणि त्याला लागून असलेला मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग काढून दोन्ही टोकं जोडली.

कापल्यावर काय बदलतं?

ऑपरेशन झालं म्हणजे आजार गेला, असं सगळ्या नातेवाइकांना वाटलं. पण क्रोन्समध्ये शस्त्रक्रिया अडथळा काढते, आजार काढत नाही. तो परत येऊ शकतो, आणि बहुतेकदा जिथे आतडं जोडलं त्याच जागी येतो. लक्षणं सुरू होण्याच्या कितीतरी आधी तो दुर्बिणीत दिसतो. म्हणून पोट ठणठणीत असलं तरी शस्त्रक्रियेनंतर सहा ते बारा महिन्यांत कोलोनोस्कोपी करून घ्यायची असते. "आता बरी आहे, कशाला परत नळी घालायची?" असं घरातले म्हणतात. बरी आहे तेव्हाच घालायची, म्हणजे पुढचं ऑपरेशन टाळता येतं.

लहान आतड्याचा हा शेवटचा भाग दोन महत्त्वाची कामं करतो. बी-१२ हे जीवनसत्त्व तिथे शोषलं जातं. आणि पचनासाठी वापरलेलं पित्त तिथूनच परत शोषून यकृताकडे पाठवलं जातं. हा भाग बराच कापला गेला की बी-१२ कमी पडू लागतं. मग थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, जीभ सोलल्यासारखी होते. न शोषलेलं पित्त मोठ्या आतड्यात उतरलं की पाण्यासारखे जुलाब होतात, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर. हे जुलाब म्हणजे दर वेळी आजार परत आला असं नसतं. पित्त बांधून ठेवणारी पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारून घेता येते. हा फरक माहीत नसला की रुग्ण घाबरतो आणि खाणंच कमी करतो. क्रोन्सचे पुष्कळ रुग्ण आजाराइतकेच अर्धपोटी राहण्याने खंगतात.

"आता तरी सात्त्विक व्हा"

दवाखान्यातून डिस्चार्ज मिळताना हातात आहाराचा एक छापील कागद पडला. पहिलीच ओळ होती, मांसाहार व अंडी पूर्ण वर्ज्य. का, असं आम्ही विचारलं. आहार सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, "जड असतं ना. आणि आता तरी सात्त्विक व्हा."

हे "आता तरी" नीट ऐका. त्यात आजाराचं कारणही आलं, त्याची शिक्षाही आली आणि सुधारण्याची संधीही आली. ही बाई काय काय खाऊन आजारी पडली असेल, हे फाइलवरचं आडनाव वाचून ठरलं होतं. फाइलमधले रिपोर्ट वाचले असते तर दिसलं असतं की समोर ३८ किलोचा रुग्ण आहे, रक्तातली प्रथिनं घसरलेली आहेत, पोटावरची आणि आतली जखम भरायची आहे. अशा माणसाला प्रथिनं हवी असतात आणि तीही चोथा नसलेल्या, मऊ, लवकर पचणाऱ्या रूपात. उकडलेलं अंडं याहून वेगळं काय असतं? एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं, चोथा अजिबात नाही, आणि गावातल्या किराणा दुकानात मिळतं. आम्ही तो कागद शल्यचिकित्सकांना दाखवला. त्यांनी पेनाने पहिली ओळ खोडली आणि लिहिलं, "अंडी रोज दोन, मासे चालतील."

मांस खाल्ल्याने क्रोन्स उसळतो का, हा प्रश्न शास्त्राने तपासून पाहिला आहे. आजार शांत असलेल्या रुग्णांचे अमेरिकेत दोन गट केले गेले. एका गटाने आठवड्यातून किमान दोनदा लाल मांस खायचं, दुसऱ्याने महिन्यातून एकदापेक्षा जास्त खायचं नाही. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आजार उसळण्याच्या प्रमाणात दोन गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. याचा अर्थ रोज मटण ओरपा असा होत नाही. अर्थ एवढाच की "मांसाहारामुळे झालं" हा ठपका पुराव्यावर उभा नाही. हा आजार पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांतही होतो, तिथे कुणी "आता तरी" म्हणत नाही.

शाकाहारी माणूसही हा आजार नीट सांभाळू शकतो. मुगाचं वरण, दही, पनीर, तांदूळ यांतून त्याचं पोषण आखता येतं. त्याच्याशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते पवित्र-अपवित्राची उतरंड वैद्यकाचा पांढरा कोट घालून आपल्या स्वयंपाकघरात शिरते त्याच्याशी. ही उतरंड एका कागदापुरती नाही. २०१५ साली महाराष्ट्रात गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, त्याला विरोध झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी बंद केला. आठवड्याला एक अंडं! शाळेतल्या पोरापासून ऑपरेशन झालेल्या बाईपर्यंत सगळ्यांच्या प्रथिनांवर हा एकच विचार हात टाकतो.

"आपली माणसं दगड पचवतात"

आता दुसरी बाजू. ती आपल्या घरातली आहे, म्हणून सांगायला जास्त अवघड.

आमचे जिवाभावाचे सहकारी भेटायला आले. ती भाकरी खात नाही, तिखट खात नाही, चान्यांना हात लावत नाही, हे पाहून एकाला वाईट वाटलं. तो म्हणाला, "वहिनी, हेच आपलं अन्न आहे. ह्यावरच आपले बाप-आजे जगले. आपली माणसं दगड पचवतात. ह्यांचं ऐकून आपलं खाणं सोडाल तर ते जिंकले म्हणायचे."

त्याचा राग आम्हाला कळतो. आपल्या अन्नाला शतकानुशतकं घाण म्हटलं गेलं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना पहिल्यांदाच वाटलं की आपल्या आजीचं जेवणही पुस्तकात येण्याजोगं आहे. तो अभिमान खरा आहे आणि टिकायला हवा.

पण हे पदार्थ कशातून आले, तेही आठवा. मांस वाळवून चान्या केल्या, कारण ताजं रोज मिळत नव्हतं आणि मिळालं तेव्हा साठवणं भाग होतं. जाळ मिरची घातली, कारण कोरड्या भाकरीला दुसरं कालवण नव्हतं. आपले बाप-आजे त्यावर जगले हे खरं, आणि त्यातले किती पोट धरून, निदानाशिवाय, "पोटात गाठ झाली होती" एवढ्या एका वाक्यात मेले, याची नोंद कुणी ठेवलेली नाही हेही खरं. आकसलेल्या आतड्याला इतिहास कळत नाही. चावून चावून दोरीसारखी झालेली चानी, हुरडा, मक्याचं कणीस, भाजलेले हरभरे, गवारीच्या शिरा, संत्र्याच्या फोडीची पातळ साल, हे त्या अरुंद जागी अडकतं आणि माणूस मध्यरात्री दवाखान्यात पोहोचतो. ती चान्या खात नाही यात कुणी जिंकलं नाही आणि कुणी हरलं नाही.

बी-१२ चं उदाहरण घ्या, म्हणजे दोन्ही सल्ल्यांचा पोकळपणा एकदम कळेल. बी-१२ नैसर्गिकरीत्या मांस, मासे, अंडी, दूध अशा प्राणिज अन्नातूनच मिळतं. म्हणजे सगळं प्राणिज सोडलं तर ते बाहेरून घ्यावंच लागणार. पण ते शोषणारा आतड्याचा भागच कापला गेला असेल, तर ताटात कितीही कलेजी वाढली तरी ती पुरेशी अंगी लागत नाही. तिथे शाकाहाराचं पावित्र्य कामाचं नाही आणि मांसाहाराचा अभिमानही कामाचा नाही. रक्त तपासायचं, आणि कमी असेल तर इंजेक्शन घ्यायचं. ते स्वस्त आहे. ती दर तीन महिन्यांनी घेते.

बुद्धाने कालामांना काय सांगितलं होतं? परंपरा सांगते म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणूनही मानू नका, स्वतः पारखून घ्या. हे आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. जेवणाच्या ताटाला ते लावून पाहायला काय हरकत आहे? आम्ही लावलं. त्यासाठी एक शंभरपानी वही पुरली.

वहीतलं ताट

वहीत चार रकाने आहेत. काय खाल्लं, किती खाल्लं, पोटाला काय वाटलं, शौचाला किती वेळा. एक नवा पदार्थ सुरू केला की तीन दिवस दुसरा नवा पदार्थ नाही. त्रास झाला तर पदार्थ कायमचा बाद करायचा नाही, महिन्याने पुन्हा थोडा खाऊन पाहायचा.

पहिला दीड महिना कमी चोथ्याचं खाणं होतं. भाताची पेज, मऊ भात, मुगाचं घोटलेलं वरण, उकडलेली अंडी, काटे काढलेला मासा, साल काढून शिजवलेला दुधी, लाल भोपळा, बटाटा, पिकलेलं केळं. तीन वेळा पोटभर जेवण्याऐवजी सहा वेळा थोडं थोडं. घास बारीक चावून. जेवणाची वेळ टाळायची नाही.

त्यानंतर वही बोलू लागली. पेलाभर दूध प्यायलं की पोट फुगतं, पण दही-ताक चालतं. दूध सगळ्याच क्रोन्सच्या रुग्णांना वर्ज्य नाही, ज्याला पचत नाही त्यानेच सोडावं. चौथ्या महिन्यात ज्वारी परत आली. आधी कण्या, मग बारीक चाळलेल्या पिठाची भाकरी, तीही वरणात कुस्करून. त्या दिवशी ती रडली, हे तिच्या परवानगीने लिहितोय. पालेभाज्या देठ काढून, बारीक चिरून, मऊ शिजवून. शेंगदाणे अख्खे नाहीत, बारीक कूट. मटण कुकरमध्ये हाडापासून सुटेपर्यंत शिजवलेलं किंवा खिमा, आणि वर तेलाचा तवंग नाही. ठेचा बंद. तिखटाने क्रोन्स होत नाही, पण जुलाब होत असताना तिखट किती छळतं हे ज्याने भोगलं त्यालाच माहीत. भजी, वडा, तर्री यांनी दर वेळी त्रास झाला, तो पित्ताचा.

इथे एक इशारा. मऊ भात आणि केळं हे आयुष्यभराचं पथ्य नव्हे. आजार शांत असेल आणि आतड्यात कुठे अरुंद जागा उरलेली नसेल, तर भाज्या आणि फळं हळूहळू वाढवायची असतात, कारण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं ते खाद्य आहे. भीतीपोटी वर्षानुवर्षं चारच पदार्थांवर राहणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. टाळायचंच असेल तर पाकिटबंद कुरकुरीत माल, क्रीमची बिस्किटं आणि कोल्ड्रिंक टाळा. ते ना आपल्या आजीचं अन्न आहे, ना कुणाचं सोवळं.

जुलाब वाढले तर नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची पुडी घरात हवी. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर-मीठ अंदाजाने जास्त टाकू नका. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना उघड्यावरची कापलेली फळं, कच्चं दूध आणि अर्धवट शिजलेली अंडी नकोत.

कुणाचं पथ्य, कुणाच्या डोक्यावर?

पुरुष आजारी पडला तर घर त्याचं पथ्य करतं. बाई आजारी पडली तर तिचं पथ्य तिलाच करावं लागतं, तेही सगळ्यांचा स्वयंपाक आटोपल्यावर. मग दोन भाज्या कोण करणार, म्हणून ती सगळ्यांचं तिखट कालवण खाते किंवा चहा-पाव खाऊन झोपते. थोडं थोडं सहा वेळा खा, हे डॉक्टरांनी सांगणं सोपं आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवणाऱ्या बाईला ते जमणार कसं?

आमच्या घरात आम्ही नियम उलटा केला. वेगळं पथ्याचं शिजत नाही. सगळ्यांचं जेवण तिच्या पोटाला चालेल असंच शिजतं. ज्याला ठेचा हवा, तिखट तेल हवं, कच्चा कांदा हवा, त्याने आपल्या ताटात वरून घ्यावा. सकाळची पेज आणि रात्रीचा भात नवरा लावतो. ती पहिल्या पंगतीला बसते. सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नाही, पण वजनकाट्यावर ४७ किलो दिसल्यावर पटलं. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन साजरा करणाऱ्या घरात बाई शेवटी उरलंसुरलं खात असेल, तर नुसत्या भाषणाने काय साधलं?

पथ्य म्हणजे औषध नव्हे

मोबाइलवर रोज कुणीतरी क्रोन्स "मुळापासून" बरा करत असतो. गोमूत्र, उपवास, फक्त फळं, औषधं बंद. यावर आमचं म्हणणं स्पष्ट आहे. नीट जेवण्याने माणूस सावरतो, वजन भरतं, औषध झेपतं. पण मोठ्या माणसांत शस्त्रक्रियेनंतर आजाराला लांब ठेवण्याचं काम मुख्यतः औषधं करतात. कुणाला अझाथायोप्रीनसारख्या गोळ्या लागतात, त्यात पांढऱ्या पेशी आणि यकृत यांची तपासणी चुकवायची नसते. कुणाला बायोलॉजिक इंजेक्शनं लागतात, त्याआधी टीबीची तपासणी करावी लागते. बरं वाटतंय म्हणून औषध स्वतःहून बंद करायचं नाही.

दोन गोष्टी तरुणांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली, बिडी-सिगारेट. धूम्रपानाने क्रोन्स परत येण्याचा आणि पुन्हा ऑपरेशन लागण्याचा धोका वाढतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. दुसरी, अंगदुखीवर मेडिकलमधून सहज घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या. त्यांनी आतड्याच्या जखमा चिघळू शकतात. आणि कळा येऊन पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळपर्यंत थांबू नका.

पैशाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून दाखल होऊन करायच्या अनेक उपचारांचा खर्च भागतो. पण या आजारात खरी कसोटी घरी आल्यावर लागते. गोळ्या, रक्त तपासण्या, इंजेक्शनं वर्षानुवर्षं चालतात आणि हा खर्च बहुतेकांना खिशातून करावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगतेचे २१ प्रकार आहेत, त्यांत या आजाराचं नाव नाही. त्यामुळे स्पर्धा परीक्षेच्या हॉलमधून मध्येच संडासला जाण्यासाठी पोराला पर्यवेक्षकाच्या मेहरबानीवर राहावं लागतं. या मागण्या चळवळीच्या आहेत. त्या दुसरं कुणी मांडणार नाही.

चळवळीने काय करावं?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो संघाच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. बुद्ध आणि आनंद तिथे आले. बुद्धाने पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवलं. मग बुद्धाने भिक्खूंना एकत्र करून समज दिली की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? विष्ठा साफ करणाऱ्याला अस्पृश्य ठरवणाऱ्या या देशात धम्माचा संस्थापक स्वतः आजारी माणसाची विष्ठा धूत होता. आपण ज्या परंपरेचे आहोत ती ही.

आणि बाबासाहेब? जयंतीला आपण सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम घेतो. त्याच बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, आणि राज्यघटनेचं काम चालू असताना ते दुखणं सोबत होतं. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे आपल्या माईसाहेबांशी विवाह केला, त्यामागे प्रकृतीची काळजी घेणारं माणूस हवं हेही एक कारण होतं. आजारपणात काळजी घेऊ देणं हा कमकुवतपणा असता तर त्यांनी ते केलं नसतं. उपाशीपोटी, चहा-सिगारेटवर रात्री काढणं म्हणजे बाबासाहेबांचा वारसा, हा गैरसमज आपल्या पोरांच्या डोक्यातून काढायला हवा.

म्हणून मोर्चा, शिबिर, अभिवादनाची गर्दी, काहीही ठरवताना आधी संडासाची सोय बघा. बायका संडास नसल्यामुळे दिवसभर पाणी पीत नाहीत, हे आजारी नसलेल्यांच्याही तब्येतीला घातक आहे. जेवणात तिखट रस्स्यासोबत साधा वरण-भात ठेवा. मीटिंग जेवणाच्या वेळेवर थांबवा. एखादा कार्यकर्ता सारखा उठून बाहेर जात असेल, वजन उतरत असेल, तर त्याला "सिरियस नाही" म्हणून हिणवू नका, बाजूला घेऊन विचारा, आणि दवाखान्यात त्याच्याबरोबर जा.

आणि ज्याचं आतडं कापलं गेलंय, त्या मित्राला, मैत्रिणीला आमचं एवढंच सांगणं आहे. डॉक्टर पुराव्याने जे टाळायला सांगतील ते टाळ, तुझी वही जे सांगते ते ऐक. बाकी तुझ्या ताटात काय असावं, हे ना त्यांच्या सोवळ्याला विचार, ना आपल्या अभिमानाला. पोटभर जेव, औषध चुकवू नकोस, आणि जे होतंय ते मोठ्याने सांग.

जय भीम!